सांग्रो नदीकाठचं एक नाव

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की मराठी घरात पितृपक्ष आणि कानडी घरात महालय. आपल्यासारख्या घरांत, जिथं आजोबा एका भाषेत हाक मारतात आणि आजी दुसऱ्या भाषेत ओ देते, तिथं दोन्ही शब्द चालतात आणि पान एकच वाढलं जातं. ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचं श्राद्ध. शस्त्रानं मरण आलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली. तिला घातचतुर्दशी म्हणतात. आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही, त्या सगळ्यांची मिळून सर्वपित्री अमावास्या.

पलटणीत माणसं गेलेल्या घरांत हा तिथीचा घोळ हमखास सापडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्याआधीपासून आणि त्यानंतरही खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातली पोरं त्या फाटकातून आत गेली आणि बोटीत बसून कुठं कुठं गेली. मेसोपोटेमिया, एरिट्रिया, इजिप्त, इटली. जी परत आली त्यांच्या गोष्टी झाल्या. जी आली नाहीत त्यांची एक तार आली आणि दरमहा पेन्शन आलं.

आमच्या घरातले असे एक म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आम्ही सगळे त्यांना दोड्डज्जा म्हणतो, म्हणजे त्यांना पाहिलेलं कुणीही आज हयात नसताना म्हणतो. १९४३ च्या सुरुवातीला बेळगावच्या डेपोतून निघालेल्या तुकडीबरोबर ते गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी गेले, इतकंच घराला माहीत. कुठं गेले? "बसऱ्याला." आमच्या वाड्यात समुद्रापलीकडचं प्रत्येक युद्ध बसऱ्यालाच झालं होतं. पहिल्या महायुद्धातले लोक बसऱ्याला गेले होते, तेव्हा दुसऱ्यातलेही तिकडेच गेले असणार, असा सरळ हिशेब. तार इंग्रजीत होती, शाळामास्तरांनी वाचून दाखवली, तिच्यात गावाचं नाव नव्हतं, आणि ती तारही पुढे एका पावसाळ्यात कौलातून गळलेल्या पाण्यानं गेली.

दोड्डज्जांची बायको सवदत्तीकडची, कानडी घरातली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात तिचं नाव बदलून मराठी नाव ठेवलं, आणि सासरी पुढं पंचेचाळीस वर्षं तिला त्याच नावानं ओळखलं गेलं. तिनं कुंकू पुसलं, पण नवऱ्याचं श्राद्ध घालू दिलं नाही. जो डोळ्यांनी बघितला नाही, ज्याचा दिवस ठाऊक नाही, त्याचं पान कुठल्या दिवशी वाढायचं, असं तिचं म्हणणं. ती १९८८ मध्ये गेली. त्यानंतर माझ्या वडिलांनी सर्वपित्रीला एक पान वाढवलं.

तिची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी चुलत आत्या. वडील बोटीत बसल्यावर, १९४३ च्या श्रावणात तिचा जन्म झाला. लग्न होऊन ती बडोद्याला गेली. सासरचे लोक गायकवाड सरकारच्या चाकरीतले, राहायला दांडिया बाजारात, म्हणजे बडोद्यातल्या मराठी वस्तीत. पुढं घर लहान पडायला लागलं तेव्हा विश्वामित्री ओलांडून अकोट्याला बिऱ्हाड आलं. आज दांडिया बाजाराहून अकोट्याला येणाऱ्या पुलावर सौरऊर्जेच्या पट्ट्यांचं छत आहे आणि पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवलं जातं. आत्या म्हणते, आम्ही आलो तेव्हा इकडं रात्रीचं रिक्षावाला यायला तयार नसायचा.

अकोट्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. याचं जुनं नाव अंकोट्टक. १९५१ च्या सुमारास इथं जमिनीत पुरलेल्या जैन ब्राँझ मूर्तींचा मोठा साठा मिळाला, पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या. डॉ. उमाकांत शहांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात गेल्या. त्यांतल्या काहींच्या पाठीवर, बैठकीवर मूर्ती देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. राजाराणीची नव्हेत, साध्या भाविकांची, त्यांत बायकांचीही. कित्येक शतकं मातीत राहून ती वाचता येतात. आत्याच्या घरापासून रिक्षानं फार लांब नाही ते संग्रहालय. मी दोनदा पाहिलं आहे.

आत्याचं घर तीन भाषांत चालतं. सुनेशी मराठी, भाजीवालीशी गुजराती, आणि पैसे मोजताना कानडी. ओंदु, एरडु, मूरु. साठ वर्षं झाली बडोद्यात, पण आकडे आईचेच राहिले.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे आठ दिवस होते. माझी मुलगी इटलीत बोलोन्याला शिकते, ऑक्टोबरात तिच्याकडे जायचं होतं, त्याबद्दल बोलणं चाललं होतं. आत्याचा नातू कॉलेजातला. त्यानं सहज विचारलं, "आजी, तुझ्या वडिलांचा नंबर आहे का कुठं?" आत्यानं कपाटातून पिशवी काढली आणि पिशवीतून अव्वाचं पेन्शनचं पुस्तक. पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी, पण पहिल्या पानावर शाईनं लिहिलेला शिपाई नंबर स्वच्छ होता.

महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. १९१७ मध्ये स्थापन झाली, फेबियन वेअर नावाच्या गृहस्थाच्या खटपटीतून. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर भारतही तिचा सभासद आहे आणि खर्चाचा वाटा उचलतो. दोन्ही महायुद्धांतले मिळून सतरा लाख मृत, दीडशेहून जास्त देशांत पसरलेले, तिच्या दप्तरात आहेत. पुण्याजवळ खडकीला जी दफनभूमी आहे तीही तिचीच; तिथं कुठून कुठून गोरी कुटुंबं येऊन एखाद्या शिळेपुढं उभी राहतात, हे पुण्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. उलट दिशेनं आपण कमी जातो. एक तर खर्च. दुसरं म्हणजे आपल्याला वाटतं, आपला माणूस जळाला, त्याची समाधी कुठून असणार?

हे दप्तर इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं, पैसे पडत नाहीत. अडचण येते ती नावाची. कारकून साहेबाचा असो की आपला, त्यानं ऐकलं तसं रोमन अक्षरात उतरवलं. पलटणीचं नावच 'मऱ्हाट्टा' अशा स्पेलिंगनं लिहिलेलं, तिथं गावांची काय कथा. गणपत, गणपती, गनपट, सगळं चालतं. आडनाव कुठं आहे, कुठं नाही, कुठं आडनावाच्या जागी बापाचं नाव. नातवानं आडनाव चार प्रकारे घालून पाहिलं. नंतर पलटण आणि साल घातलं आणि यादी खाली खाली ओढत नंबर जुळवत बसला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. आत्या आमरसाला आंबे पिळत होती.

नंबर जुळला.

शिपाई, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन. म्हणजे आपली जंगी पलटण. मृत्यूची तारीख १ डिसेंबर १९४३. ठिकाण बसरा नव्हे, इटली. सांग्रो नदीवरचं दहन-स्मारक. त्याखाली एक ओळ जास्तीची माहिती: अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, बेळगाव. गावाचं स्पेलिंग असं की मोठ्यानं वाचल्याशिवाय ओळखू येऊ नये.

नातवानं बायकोचं नाव वाचलं आणि आम्ही दोघांनी ते चुकीचं ठरवलं. आमच्या घरात त्या नावाची कुणी नव्हती. आत्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "परत वाच." त्यानं परत वाचलं. शेवटी 'अव्वा' येणारं, पक्कं कानडी नाव.

ते तिच्या आईचं माहेरचं नाव होतं.

सासरी हे नाव कुणी घेत नव्हतं. रेशनकार्डावर नव्हतं, पेन्शनच्या पुस्तकात मराठी नाव होतं, सातबाऱ्यावर मराठी नाव होतं. आत्याला ते माहीत होतं कारण लहानपणी सवदत्तीला मामाकडे गेली की आजी आईला त्या नावानं हाक मारायची. मग पलटणीच्या दप्तरात हे नाव सांगितलं कुणी? घरच्यांनी सांगितलं असतं तर मराठी नाव लागलं असतं. आत्याचं उत्तर ठरलेलं आहे आणि मला ते खोडून काढायचं कारण दिसत नाही. "अप्पानंच सांगितलं असणार की. दुसऱ्या कुणाला काय पडलंय?" म्हणजे एकांतात ते तिला त्याच नावानं हाक मारत असले पाहिजेत. डेपोतल्या टेबलापुढं उभं राहून 'बायकोचं नाव?' असं विचारल्यावर त्यांच्या तोंडून तेच आलं. आई गेली त्याला छत्तीस वर्षं झालेली. आत्या त्या दिवशी जेवली नाही, पण रडलीही नाही. नातवाकडून ती ओळख मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घेतली आणि तो कागद पेन्शनच्या पुस्तकात ठेवला.

मग म्हणाली, "तू जाणारच हाईस नव्हं तिकडं? बघून ये. माती-बिती काय आणू नकोस. नावावर हात ठिव आणि सांग." काय सांगायचं ते तिनं कानडीत सांगितलं: अप्पा, निम्म मगळु इन्नू अदाळ.

आता थोडं त्या युद्धाबद्दल. आठवी इंडियन डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिण इटलीत टारांटोला उतरली आणि पूर्वेच्या, एड्रिअॅटिक समुद्राच्या कडेनं उत्तरेकडे सरकत गेली. वाटेत एकामागून एक नद्या आडव्या: बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. डोंगरातून निघून समुद्राला मिळणाऱ्या या नद्या उन्हाळ्यात घोटाभर पाण्याच्या असतात आणि पावसात फुगतात. त्या नोव्हेंबरात सांग्रोला असा पूर आला की सैन्यानं टाकलेले पूल वाहून गेले. जर्मन पलीकडच्या टेकड्यांवर बसलेले. नोव्हेंबरच्या अखेरीस नदी ओलांडून त्या टेकड्यांवर चढाई झाली. जंगी पलटण या डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती. दोड्डज्जा नेमके कुठल्या शेतात, कुठल्या घराआड पडले हे कागदात नाही. चिखल होता, थंडी होती आणि पाऊस होता, एवढं त्या लढाईच्या सगळ्या वर्णनांत आहे.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय जवान लढले. भारत सरकारनं २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार त्यांतले ५,७८२ तिथं मरण पावले. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे, आणि त्या सहांत दोन आपल्या पलटणीचे: माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांचा देह मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची समाधी ठाऊक नाही अशा चार हजारांवर नावांत त्यांचंही नाव आहे. २०२३ च्या जुलैत मोन्तोने नावाच्या गावानं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं.

बोलोन्याहून आमची गाडी सकाळी निघाली. इमोला गेलं, कास्तेल बोलोन्येझे गेलं आणि फाएन्झाच्या अलीकडे गाडी एका ओढ्यासारख्या नदीवरून धडधडत गेली. दोन्ही काठांना उंच मातीचे बांध. मुलीनं फोनवर बघून सांगितलं, "आई, ही सेनिओ." याच नदीच्या खालच्या अंगाला ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधवांनी दोघा जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे नेलं आणि परत येऊन मशीनगनची ठाणी मोडून काढली. ते जगले, घरी आले. डब्यातले बाकीचे लोक कॉफी पीत होते.

फोर्लीला उतरलो, कारण तिथं केवळ हिंदी सैन्यासाठी केलेली दफनभूमी आहे, रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाचशेच्या जवळपास समाध्या आणि दहन केलेल्या जवळजवळ आठशे जणांची नावं. शिळा सगळ्या एका मापाच्या. सुभेदाराची मोठी आणि शिपायाची लहान असं काही नाही. हा या संस्थेचा पहिल्यापासूनचा नियम आहे. देह मायदेशी न नेण्याचाही नियमच होता, श्रीमंतालाही सूट नाही. मुसलमान जवानांच्या शिळांवर अरबी अक्षरं. काही हिंदूही इथं पुरलेले आहेत, लढाईच्या गर्दीत सरण रचायला वेळ कुणाला? त्यांच्या शिळांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. इतक्या लांब, कापलेल्या हिरवळीत देवनागरी अक्षरं दिसली की पाय थबकतात.

याच फोर्लीत २०१९ मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. १९९६ साली इटलीतल्या एका शेतात काही अस्थी सापडल्या होत्या. पुढं तपासण्या होऊन त्या दोन भारतीय जवानांच्या आहेत असं ठरलं, दोघेही हरियाणाचे, १९४४ मध्ये मेलेले. त्यांचं दहन फोर्लीत झालं आणि मूठभर माती त्यांच्या गावी पोचवली गेली. पंचाहत्तर वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी पेस्कारा करून तोरिनो दि सांग्रो. स्टेशन समुद्राला लागून आहे, तिथून टॅक्सी. बाई चालवत होती. कुठं जायचं ते सांगितल्यावर तिनं माझ्या साडीकडे पाहिलं आणि काही न विचारता मीटर बंद केला. परत न्यायलाही तीच आली आणि जातानाचे पैसे घेतले नाहीत. कोकणात काजूची असावीत तशी ऑलिव्हची झाडं दोन्ही बाजूंना. दफनभूमी उतारावर आहे. २,६०० हून अधिक समाध्या, बहुतेक त्याच नोव्हेंबर-डिसेंबरातल्या. फाटकाजवळ भिंतीत एक लहान दार, आत नोंदवही आणि येणाऱ्यांनी सही करायची वही.

दहन-स्मारकावर पाचशेहून जास्त नावं आहेत. इटलीत अशी तीन स्मारकं: एक हे, दुसरं फोर्लीचं, तिसरं रिमिनीच्या गुरखा दफनभूमीतलं. पलटणीप्रमाणे नावं लावलेली. मऱ्हाट्टा लाइट इन्फंट्री सापडायला वेळ लागला नाही आणि त्याखाली आडनावाच्या अक्षरानं शोधत गेलं की झालं. मुलीला आधी दिसलं. ती काही बोलली नाही, नुसती बाजूला सरकली.

तिथं काय वाटलं, असं इकडं आल्यापासून सगळे विचारतात. खरं सांगायचं तर आधी कोरीवकाम बघितलं. अक्षरं सारखी आणि खोल आहेत, गावच्या देवळातल्या देणगीच्या फरशीसारखी रंग उडालेली नाहीत. मग हात ठेवला. दगड उन्हानं गरम होता. आत्याचं वाक्य म्हटलं. माझं कानडी उच्चारात मराठी आहे, म्हणून दोनदा म्हटलं.

आत्यानं कागदाच्या पुडीत चिमूटभर भंडारा दिला होता, आमचं कुलदैवत खंडोबा, कानडीतला मैलार. हळद दगडाला लागली तर डाग जात नाही, आणि तिथले लोक त्या दगडांना किती जपतात ते दिसत होतं. म्हणून भंडारा खाली गवतात वाहिला. नंतर नावावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी घासून नाव उतरवून घेतलं. लहानपणी नाण्यांवर करायचो तसं. वहीत मुलीनं इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत लिहिलं आणि आत्याचं नाव कानडीत घातलं. मागची पानं चाळली. इंग्रजी, इटालियन मजकूर. कानडी मला तरी दिसलं नाही.

हे सगळं सुरळीत झालं याचं कारण दोड्डज्जा दुसऱ्या महायुद्धात गेले. ते खरोखरच पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले असते तर? त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या मोहिमेतल्या, समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त मृतांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. पण त्यावर नावं कोरली ती ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या. नावं कागदावर होती, दगडावर आली नाहीत. ते स्मारकसुद्धा १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं मूळ जागेवरून उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्याला नेलं गेलं.

एप्रिल २०२१ मध्ये या संस्थेनं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. आफ्रिका आणि आशियातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावं कोरलीच गेली नाहीत किंवा स्मरणच झालं नाही, असं त्यात मान्य केलं आहे. संस्थेनं माफी मागितली आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. सारख्या मापाच्या शिळांचा नियम चांगला खराच. पण शिळा मिळाली त्यालाच तो लागू. मला माफीपेक्षा ते कागद महत्त्वाचे वाटतात. पहिल्या युद्धातले आपले लोकही यादीत नावानं सापडू शकतात, दगडावर नसले तरी.

ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांना सांगते. आधी नंबर शोधा. पेन्शनचं पुस्तक, मेडलची डबी, जुनी पत्रं, कुठंतरी तो असतो. नाव एकाच स्पेलिंगनं शोधून थांबू नका. गाव, बापाचं नाव, आणि बायकोचं नाव शोधताना तिचं माहेरचं नावही लक्षात ठेवा. आपल्या भागात एकाच बाईला दोन भाषांत दोन नावं असतात.

नोव्हेंबरात मी परत अकोट्याला गेले. घासून आणलेलं नाव आत्यानं डोळ्यांनी वाचलं नाही. मोतीबिंदूमुळं बारीक दिसत नाही. बोटानं चाचपलं, पण कागदावर काय लागणार? मग फोटो मोठा करून दाखवला. तिथीचं काम तिनं आधीच उरकलं होतं. १ डिसेंबर १९४३ म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, बडोद्याच्या गुरुजींनी जुनं पंचांग बघून सांगितलं. चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी. घरात मल्हारीचे घट बसलेले असतात ते दिवस. अव्वा त्या सहा दिवसांत नंदादीप विझू देत नसे, रात्री उठून तेल घालायची, हे आत्याला आठवतं. मुलीनं श्राद्ध केलं तर चालतं का, हेही तिनं विचारून घेतलं होतं. चालतं. पितृपक्षात पान सर्वपित्रीला न वाढता चतुर्दशीला वाढायचं, म्हणून आमच्या घरी निरोप आला.

मग तिनं विचारलं, "वर कोण हाय आणि खाली कोण हाय?"

मला समजलं नाही. तिला स्मारकावरची शेजारची नावं हवी होती. फोटो मोठा केला, नातवानं दोन्ही नावं दप्तरात शोधली. वरचा रत्नागिरी जिल्ह्यातला, खालचा सातारा. एकाच्या नोंदीत आईबापांची नावं आहेत, दुसऱ्याच्या नोंदीत बायकोचंही. आत्या म्हणाली, "त्यांच्या गावाला कुणी कळवलं का?"

रत्नागिरीकडच्या ग्रामपंचायतीला पत्र गेलं आहे. मजकूर आत्यानं सांगितला, नातवानं लिहिला, फोटो जोडला. साताऱ्याचं अडलं आहे. गावाच्या नावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेनं वाचता येतं आणि दोन्ही नावांची गावं त्या जिल्ह्यात आहेत. आत्या म्हणते, दोन्हीकडं घाला.